ऐकणाऱ्याची सही

१४ मार्च

प्रिय वन्सं,

तू बारा वर्षांची होतीस, दोन वेण्या घालायचीस आणि मी नवी नवरी मुद्दाम तुला ‘वन्सं’ म्हणायचे. तू लाजून दाराआड पळायचीस. आता तू परदेशात रात्रपाळ्या करणारी नर्स आहेस, तरी माझ्या तोंडात तेच बसलं आहे, तेव्हा चालवून घे. आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरी असशील. नसतीस तर आम्हाला रविवारच्या फोनवर कळलंच असतं, मला नाही तरी निदान तुझ्या भाचीला.

तुझा भाऊ मजेत आहे. नव्या इमारतीतल्या चारही लिफ्ट त्याच्याकडे आल्यात, त्यामुळे घरी आल्यावरही तो बोलता बोलता मधल्या मजल्यावर थांबतो. माझं दुकान चाललंय. आमचे मालक, ज्यांना सगळे डॉक्टर म्हणतात आणि ते नाही म्हणत नाहीत, त्यांनी काच घासायचं नवीन मशीन घेतलं. पूर्वी चष्म्याची एक काच फ्रेमच्या मापाला आणायला जो वेळ लागायचा त्यात आता दोन होतात. वास मात्र तोच, जळक्या प्लास्टिकचा. साबणाने जात नाही.

पुटूची उंची माझ्या कानापर्यंत आली. लहानपणी सारखी पुटपुटायची म्हणून आपण तिला पुटपुट म्हणायचो, त्याची पुटू झाली. आता घरात तेवढंही बोलत नाही. जे काही बोलते ते तुझ्याशी, आणि तेही जर्मनमध्ये. तू पाठवलेला निळा स्कार्फ ती घरातसुद्धा काढत नाही. परवा केस तुझ्यासारखे आखूड कापून आली. मला विचारलं, "आई, कशी दिसते?" मी म्हटलं, "छान." छानच दिसत होती. तुझ्यासारखी दिसत होती.

बरं, मुद्द्याचं लिहिते. शाळेत पालकांची सभा झाली. नियम तुला माहीत आहे, शेवटच्या दोन वर्षांत एक परदेशी भाषा, सलग, आणि दोन्ही वर्षं तीच. त्याशिवाय शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र नाही. फ्रेंच, जपानी आणि जर्मन असे तीन पर्याय. जपानीला पोरं कार्टून बघून जातात, फ्रेंचला जातात कारण मोठ्या भावंडांच्या वह्या घरात असतात. जर्मनला पहिल्या वर्षी कसाबसा वर्ग भरला होता. त्यातले काही गळले, आणि दुसऱ्या वर्षाला आता अकरा उरलेत. वर्ग चालायला बारा लागतात.

एक वडील म्हणाले, "अहो मॅडम, एका मुलावाचून अडतंय होय? पळवून आणा कुणाला तरी!" सगळे हसले. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. "बारा म्हणजे बारा. नाहीतर या मुलांनी दुसरी भाषा पहिल्यापासून घ्यायची, आणि एक वर्ष जास्त थांबायचं." म्हणजे पोरांचं अख्खं वर्ष पाण्यात.

हे पुटूने तुला आधीच सांगितलंय हे मला ठाऊक आहे. आणि तू तिला म्हणालीस की मग इकडेच ये, शेवटचं वर्ष माझ्याकडे राहून कर, इथल्या शाळेत तर सगळंच जर्मन. हे मला तुझ्याकडून नाही कळलं. तुझ्या भावाकडून कळलं, ताटावर बसलेले असताना. तो म्हणाला, "वर जाणाऱ्याला अडवू नये गं. दार तेवढं नीट लागलंय का बघावं." लिफ्टवाल्याशी लग्न केल्यावर असंच ऐकावं लागतं.

मी पुटूला म्हटलं, "जायचं असेल तर जा. आमचं काय, आम्ही राहू." ती म्हणाली, "बघू." मी भांडी घासायला उठले.

तू चांगल्या मनानेच बोलावलं आहेस. पण ठरेपर्यंत तिच्याशी हा विषय काढू नकोस, एवढी विनंती. निदान मला कळेल अशा भाषेत तरी काढ. रविवारी तुम्ही दोघी फोनवर हसता, मी कणीक मळत बसते, विचारलं "काय झालं गं?" तर उत्तर मिळतं, "काही नाही आई, सांगून मजा नाही येणार." मला तर त्यातलं ओ की ठो कळत नाही.

पत्राच्या शेवटी ‘तुझी’ लिहितात. आज नुसतंच लिहिते.

वहिनी


३ मे

प्रिय वन्सं,

तुझं पत्र पोचलं. दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. चार पानांत तू तिकडच्या शाळेची माहिती दिलीस, खोलीची मापं दिलीस, बसचा रस्ता दिलास, आणि शेवटी एक ओळ: "वहिनी, रागावणार नसशील तर विचारते, तुला माझा हेवा वाटतो का?"

वाटतो.

बघ, लिहून झालं. समोर गिऱ्हाईक बसलंय, नंबर तपासायच्या पाटीकडे बघत. मी त्यांना म्हटलं, खालची ओळ दिसेपर्यंत बसा, मला वेळ लागेल.

वन्सं, मला तुझ्या आवाजाचा हेवा वाटतो. तुझा फोन आला की ही पोरगी पाय वर घेऊन खिडकीत बसते आणि तिचा चेहरा उजळतो. मी हाक मारली की "काय आहे?" आणि तू हाक मारलीस की जर्मनमधलं गोड "याऽ?" तुझी आठवण काढून ती बिनदुधाचा चहा पिते आणि तोंड वाकडं करत म्हणते की मस्त लागतो. मी तिला न्हाऊमाखू घातलं, तापात मांडीवर घेऊन बसले, तिच्या पहिल्या चष्म्याच्या काचा माझ्या हाताने घासल्या. तू काय केलंस? तू लांब राहिलीस. लांब राहणाऱ्याला सगळं माफ असतं आणि वर स्कार्फही पाठवता येतो.

आणि सगळ्यांत गंमत म्हणजे तुला तिकडे जाऊ द्या म्हणून या घरात भांडले ती मीच. सासूबाई म्हणत होत्या, एकटी मुलगी कशी जाईल. मी म्हटलं होतं, "आई, तिचे पंख आपण कशाला मोजायचे?" तेव्हा माझी पुटू चार वर्षांची होती. दुसऱ्याच्या लेकीबद्दल शहाणपणा सांगणं फार सोपं असतं.

आता दुसरी गोष्ट सांगते. मागच्या पत्रात लिहिलं की मला ओ की ठो कळत नाही. ते खोटं होतं.

त्यांच्या जर्मनच्या बाई आहेत, पोरं त्यांना घड्याळबाई म्हणतात. त्या वर्गात स्वयंपाकघरातलं ते वाजणारं छोटं घड्याळ घेऊन येतात. त्यांचा एक गृहपाठ आहे. रोज घरी दहा मिनिटं जर्मनमध्ये बोलायचं, काहीही, आणि घरातल्या एकाने समोर बसून ऐकायचं. मग कागदावर ‘ऐकलं’ असं लिहून सही करायची. पहिल्या सभेत मी विचारलं होतं, "बाई, पण मला तर ती भाषा येत नाही. बरोबर का चूक ते कसं सांगू?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही हव्यात. मला कळणारा नको, ऐकणारा हवा. चुका काढणारा समोर असला की मूल गप्प बसतं. तुम्ही फक्त तिच्या तोंडाकडे बघत बसा."

मी बसले. जेवणाआधी, ओट्याजवळच्या स्टुलावर ती आणि समोर मी. सुरुवातीला ती पुस्तकातलं म्हणायची, आमचं घर दोन खोल्यांचं आहे, माझे वडील उंच आहेत. मी मान डोलवायची आणि सही करायची. दिवसभरात तेवढी दहा मिनिटं ती माझ्याकडे बघून बोलायची, म्हणून मला तो गृहपाठ आवडायचा. खरं सांगायचं तर वाट बघायचे.

मग एका रविवारी ते "सांगून मजा नाही येणार" झालं. माझ्या काळजात सुई गेली. दुसऱ्या दिवशी मी पुस्तकांचं दुकान गाठलं आणि तिचं ते जर्मनचं पुस्तक विकत घेतलं. ते दुकानातल्या खणात, काचा पुसायच्या फडक्यांखाली ठेवलंय. गिऱ्हाईक नसलं की काढायचं. डॉक्टर आधी हसायचे, "मॅडम, या वयात परीक्षा?" नंतर तेच शब्द विचारायला लागले. मशीन चालू असलं की आवाजात मी मोठ्याने म्हणते, कुणाला ऐकू जात नाही.

मला वाटलं होतं तुमचे विनोद कळतील. ते कळायच्या आत दुसरंच कळलं.

पुटूने पुस्तकातलं बोलणं कधीच सोडून दिलं होतं. समोर बसलेलीला काही कळत नाही याची तिला खात्री होती, त्यामुळे ती मनातलं बोलत होती. शाळेतलं, एका मैत्रिणीने तिला टाकलं ते. रडली का नाही कुणास ठाऊक, पण आवाज जाड झाला होता आणि मी मान डोलवत होते. आणि मग एके दिवशी, सगळं नाही कळलं, पण बरंच कळलं, ती म्हणाली:

"माझ्यासमोर माझी आई बसली आहे. तिच्या हातांना काचेचा वास येतो. मला तो वास आवडतो. तिला काही कळत नाही, म्हणून सांगते. मला आत्याकडे जायचं आहे. मला आईला हे सांगता येत नाही. सांगितलं की ती म्हणेल, जा, जा. आणि मग भांडी जोरात घासेल."

मी सही केली. ‘ऐकलं.’

नंतर तू बोलावलंस, मी खरंच "जा" म्हटलं आणि खरंच भांडी घासली. मागच्या पत्रात ते वाचून तुला हसू आलं असेल. मला घासता घासता मध्येच तिचं वाक्य आठवलं आणि तवा हळू ठेवला.

तेव्हापासून रोज मी ठरवते की आज सांगून टाकायचं, पुटू, मला कळतं गं. आणि रोज ती स्टुलावर बसते, श्वास घेते, माझ्याकडे बघून बोलायला लागते आणि माझा धीर होत नाही. सांगितलं तर ती बोलायची थांबेल. परवा तिला ‘पूल’ हा शब्द आठवेना. हात हवेत धरून ती अडली आणि तो माझ्या जिभेच्या टोकावर आला. मी उठून गॅस बंद केला. गॅस बंदच होता.

आता पुढचं. शाळेच्या ऑफिसातल्या कारकून बाई चष्म्याची काडी बसवायला आल्या होत्या. काडी बसवता बसवता मी सहज म्हटलं, एकासाठी वर्ग बंद पडतोय हो. त्या म्हणाल्या, "नियमात ‘बारा विद्यार्थी’ लिहिलंय. वय कुठे लिहिलंय? सरकारी शाळा आहे, जागा असेल तर गावातला कुणीही एखाद्या विषयाला बसू शकतो. दुसऱ्या वर्षाला बसायचं तर पहिल्या वर्षाची परीक्षा द्यावी लागेल एवढंच." आणि चष्मा घालून माझ्याकडे बघितलं. "का हो? तुमच्या ओळखीचं आहे का कुणी?"

आहे.

मी नाव दिलंय. पास झाले तर बारावी मी. वर्ग राहील आणि तिला जायचं कारण उरणार नाही. हे मी त्या अकरा पोरांसाठी करत नाहीये, उगाच तसं समजून मला मोठं करू नकोस. तुला हरवायला करते आहे. आणि त्यात काय जाणार आहे तेही मला दिसतंय. पास झाले की तिला कळणारच, तिची आई इतके दिवस काय ऐकत होती ते.

तिला सांगू नकोस. शपथ घालत नाही, विनंती करते.

‘तुझी’ लिहावं का यावर थोडा वेळ गेला. गिऱ्हाईक खालच्या ओळीपर्यंत पोचलंय.

वहिनी


२५ जून

प्रिय वन्सं,

तुला तिने फोनवर सांगितलं असेल आणि माझ्यावर चिडून सांगितलं असेल. तिची बाजू खरीच आहे. तरी माझ्याकडून ऐक.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती शाळेतून नाचत आली. "आई, माहितीये, उद्या कोणी तरी बाई परीक्षा देणारेत, पास झाल्या ना तर आमचा वर्ग वाचेल! आणि तोंडी परीक्षेला त्यांची जोडीदार मी आहे. घड्याळबाईंनी मलाच निवडलं."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मी ऑफिसात नाव दिलं तेव्हा जोडीदार असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. बाईंची पद्धतच तशी आहे म्हणे, त्या स्वतः प्रश्न विचारत नाहीत. मोठ्या माणसासमोर मोठं माणूस अडखळतं, म्हणून समोर पोराला बसवतात.

मी विचारलं, "वर्ग वाचायला हवाय तुला?" एवढी आशा मी आवाजात कधी घातली नव्हती.

"मला काय, मी जाईनही आत्याकडे. पण बाकीच्यांचं वर्ष जाईल ना."

तुझा भाऊ तेवढ्यात म्हणाला, "कोण गं या बाई?" आणि माझ्याकडे बघून पाणी प्यायला. त्याला मी सांगितलेलं नव्हतं, पण हा माणूस बंद दारामागे काय अडकलंय ते आवाजावरून ओळखतो. मग पेला ठेवून तो बाहेर गेला. मला वाटतं तो घाबरला होता.

परीक्षा तिच्याच वर्गात होती. लेखी झाली, बरी गेली. मग बाईंनी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, घड्याळ पिळलं आणि दाराकडे बघून हाक मारली. पुटू हातात प्रश्नांची कार्डं घेऊन हसत आत आली. मला बघितलं आणि म्हणाली, "आई? डबा विसरला का माझा?"

बाई म्हणाल्या, "बस. याच त्या."

ती बसली. वन्सं, तो चेहरा तू बघायला नको होतास, आणि मी तर बघायलाच हवा होता. तिने कार्डं सरळ केली. ती हुशार मुलगी आहे, काम हातात घेतलं की करते. पहिला प्रश्न वाचला. परीक्षेतला, म्हणजे अनोळखी माणसाला विचारतात तसा, आदराने. माझी मुलगी मला अहोजाहो करत होती.

"तुम्ही कुठे राहता?"

"मी दोन खोल्यांत राहते."

"तुम्ही काय काम करता?"

"मी चष्मे बनवते. माझ्या हातांना काचेचा वास येतो."

ती थांबली. कार्डावरून डोळे वर आले. मी ठरवून म्हटलं नव्हतं गं. मला तिने शिकवलेलीच वाक्यं येतात, दुसरी आणू कुठून?

तिने पुढचं कार्ड घेतलं. "तुम्ही संध्याकाळी काय करता?"

"संध्याकाळी मी माझ्या मुलीचं ऐकते."

पुढचा प्रश्न कार्डावर नव्हता. "तुला कळतं?"

"कळतं."

"कधीपासून?"

"खूप दिवस."

"मग तू गप्प का?"

"तू बोलतेस म्हणून."

बाई खिडकीशी उभ्या होत्या. पुटूचे डोळे भरले होते आणि रागही तेवढाच होता, ती मान ताठ करून म्हणाली, "मग तुला माहीत आहे मला काय हवंय."

तुला सांगते, आपल्या भाषेत मी याचं उत्तर शंभर तऱ्हांनी दिलं असतं. म्हटलं असतं, अगं आम्ही काय आज आहोत उद्या नाही, तुझं भलं होतंय ना मग झालं, आमच्याकडे नको बघूस. त्यात सगळं असतं, फक्त जे म्हणायचं ते नसतं. पण माझ्या जर्मनमध्ये तेवढे शब्दच नव्हते. चार चार शब्दांची वाक्यं, लहान मुलासारखी. माझ्या तोंडून निघालं:

"माहीत आहे. तुला जायचं आहे. मला नको आहे. मी म्हणते, जा, जा. ते खरं नाही. मला तू इथे हवी. आत्या चांगली आहे. मला आत्याचा राग येतो. तू जा. पण मला नको आहे."

घड्याळ वाजलं. बाईंनी ते वाजू दिलं, शेवटपर्यंत. मग म्हणाल्या, "चुका भरपूर आहेत. पास."

घरी येताना पुटू माझ्या पुढे चालत होती. मी गाठायला गेले की ती वेग वाढवायची. दारात पोचल्यावर वळली आणि आपल्या भाषेत बोलली, किती दिवसांनी: "दोन खोल्या आहेत आपल्या. मला कुठे जागा होती, सांग ना? बाबांचं सामान, तुझी शिलाई, माझी गादी पण रोज उचलायची. तेवढीच होती माझी एकटीची जागा. आणि तू आत येऊन बसलीस."

मी आत जाऊन स्टूल ओट्याखाली सरकवलं.

पुढचे बरेच दिवस स्टूल रिकामं राहिलं. ती तुझ्याशी फोनवर बोलायला जिन्यात जायची. मी दारापाशी गेले नाही. एकदा गेले होते, खोटं कशाला, पण उलटी फिरले.

मग शाळेचं नवं वर्ष सुरू झालं आणि बाईंनी मला माझा कागद दिला. मी विद्यार्थिनी ना आता. शेवटच्या बाकावर बसते, शेजारचा मुलगा माझ्या वहीतलं बघून लिहितो आणि मग दोघांचंही चुकतं. वर्गात पुटू मला ओळख दाखवत नाही, मीही दाखवत नाही. कागद तोच. रोज दहा मिनिटं, ऐकणाऱ्याची सही. मी तो तुझ्या भावापुढे ठेवला. तो म्हणाला, "मी ऐकीन गं. पण मला झोप लागेल." आणि खरंच लागली, मी ‘नमस्कार’ म्हणेपर्यंत.

हसण्याचा आवाज आला. पुटू होती. आतल्या खोलीच्या दारात उभी. तिने बापाच्या हाताखालचा कागद ओढून घेतला, स्टूल पायाने पुढे सरकवलं, आणि ज्या जागी मी बसायचे तिथे स्वतः बसली.

"बोल. सही लागणार ना तुला."

मी म्हटलं, "तुला कळेल."

"कळेल. पण कळल्याचं दाखवणार नाही. तू केलंस तसं."

हा टोमणा मी घेतला. घ्यायलाच हवा होता. बोलायला बसले. सुरुवातीला पुस्तकातलं बोलले, मग बोलत गेले. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. एकदाही चूक काढली नाही, मात्र एका ठिकाणी मी शब्दाला अडले तेव्हा उठून गॅस बंद केला. गॅस बंदच होता. मी बघितलं, तीही बघत होती. म्हणजे हेही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

सही करून कागद परत देताना म्हणाली, "मी जाणारे, आई. पण पुढच्या वर्षी, हे वर्ष पुरं करून, पुढचं शिकायला. आत्ता गेले तर पुन्हा एक कमी पडेल आणि तुझी परीक्षा फुकट."

तेव्हा ती माझ्यासाठी थांबली नाही, हे मला कळतं. बाकीच्या दहा जणांसाठी थांबली, आणि नियमासाठी. मला त्या दहा जणांचाही हेवा वाटला, घे. पण थांबली. मी "जा" म्हटलं नाही, "बरं" म्हटलं आणि भांडी तशीच राहू दिली. सकाळी घासली.

वन्सं, मी तुला हरवायला निघाले होते. जिंकले का हरले हे मला अजून नीट सांगता येत नाही. एक वर्ष मिळालं. रोज मी स्टुलावर बसून काय बोलते ते तुला सांगणार नाही, आणि तिलाही विचारू नकोस. सांगून मजा येणार नाही. एवढी एक गोष्ट आम्हा दोघींची राहू दे.

पुढच्या वर्षी ती तुझ्याकडे येईल. तेव्हा माझा वर्ग संपलेला असेल, कुणाची सही लागणार नाही. तरी एक मागते. रविवारी माझा फोन आला की आधी तूच उचल, आणि दहा मिनिटं माझं ऐक. हवं तर चुका काढ, लहानपणी तुझ्या पाढ्यांच्या मी काढल्याच होत्या. मग तिला दे.

आणि तिच्या खोलीची मापं तू कळवलीस, दाराचं लिहिलं नाहीस. दार असू दे. लावलेलं असलं तर आधी ठोक आणि मग आत जा. मी ठोकलं नव्हतं.

तुझी
वहिनी